बार्बाडोस आणि सेंट ल्युशिया : पैसे किती न्यावेत, कुठे बदलावेत

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. दिवाळीच्या सुटीत ते, पत्नी आणि आईवडील असे चौघे जण पाच दिवस बार्बाडोसला आणि पुढे चार दिवस सेंट ल्युशियाला जाणार आहेत. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, हॉटेलचे बिल तिथे भरायचे आहे. मनी चेंजरकडे या दोन्ही बेटांचे चलन मिळत नाही असे कळल्यावर त्यांना काळजी वाटू लागली आहे. डॉलर रोख किती न्यावेत, ते तिथे कुठे बदलले म्हणजे भाव चांगला मिळेल आणि फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड) बरे की क्रेडिट कार्ड, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काम केले आणि त्यानंतर चार वर्षे सेंट ल्युशियातील एका हॉटेलच्या हिशेब खात्यात होतो. म्हणजे पर्यटकाला डॉलर विकणाऱ्या टेबलामागेही मी बसलो आहे आणि तेच डॉलर त्याच्याकडून घेणाऱ्या गल्ल्यामागेही. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, चांगला भाव कुठे मिळेल हा प्रश्न या दोन बेटांपुरता जवळजवळ गैरलागू आहे. ज्या देशाच्या चलनाचा भाव रोज हलतो तिथे तो विचारायलाच हवा. इथे तो हलतच नाही. तुमचा पैसा रुपयातून निघून नारळपाणीवाल्याच्या हातात पडेपर्यंत किती वेळा बदलला जातो आणि प्रत्येक वेळी किती झिजतो, हे इथे मोजायचे असते.

बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरशी दोनास एक या प्रमाणात बांधलेला आहे. सेंट ल्युशियात ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, ज्याला तिथे सगळे नुसते ‘ईसी’ म्हणतात. तो १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० ईसी असा बांधलेला आहे. ईसी हे एका देशाचे चलन नाही. अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स, सेंट व्हिन्सेंट यांच्यासह आठ ठिकाणी ते चालते आणि सेंट किट्समधील बासटेअर येथे मुख्यालय असलेली मध्यवर्ती बँक ते काढते. इतकी वर्षे एकच दर टिकवायचा तर परकीय चलनाची गंगाजळी सतत भरलेली असावी लागते, आणि या बेटांवर ती भरण्याचा एक मोठा मार्ग पर्यटन हाच आहे. त्यामुळे अमेरिकन डॉलर तिथे हॉटेलपासून टॅक्सीपर्यंत सर्रास घेतला जातो. मात्र ही स्थिती या दोन बेटांची आहे, सगळ्या कॅरिबियनची नव्हे. जमैकाच्या डॉलरचा भाव बाजारात ठरतो, आणि त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची चणचण असल्यामुळे हातात उरलेले स्थानिक पैसे पुन्हा अमेरिकन डॉलरमध्ये करून घेणे अवघड जाते. बेत बदलून तिकडे वळलात तर खालचा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

पहिली आणि बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत मोठी झीज घर सोडण्यापूर्वीच होते, कारण रुपयाचा डॉलर करताना माणूस घाईत असतो आणि मनी चेंजर फक्त भाव सांगतो. त्याला भाव विचारू नका. सातशे डॉलर हातात पडण्यासाठी सगळे धरून माझ्याकडून एकूण किती रुपये घ्याल, असे विचारा. समजा बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे आणि दुकानदार ९१.५० म्हणतो. सातशे डॉलरचे ६४,०५० रुपये झाले, त्यावर जीएसटीचे सुमारे ११५ रुपये, म्हणजे एकूण ६४,१६५. बाजारभावाने हेच ६३,००० झाले असते, तेव्हा तुमची झीज साधारण १.८५ टक्के झाली, आणि रोख नोटांसाठी ती मला ठीक वाटते. हेच काम विमानतळावरच्या खिडकीत मध्यरात्री केलेत आणि तिथे ९६ चा भाव लागला, तर तीन हजारांहून अधिक रुपये नुसते घाईपोटी गेले. रक्कम पन्नास हजारांच्या वर असल्यामुळे ती चेकने किंवा खात्यातून द्यावी लागेल, रोखीने घेतली जाणार नाही. एका प्रवासात एका व्यक्तीला तीन हजार डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात. तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. पॅकेज न घेता केलेल्या प्रवासासाठी विकत घेतलेल्या चलनावर एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (विकणाऱ्याने जागीच कापून घ्यायचा कर) नाही, त्यामुळे त्याचीही काळजी नको. रुपये मात्र खर्चाला म्हणून नेऊ नका, ते तिथे कोणी बदलून देत नाही. परतल्यावर मुंबईहून नाशिकला येण्यापुरते पाकिटात असले की पुरे. यूपीआयवरही या प्रवासात भिस्त ठेवू नका.

आता नोटांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण रोख रकमेत लोक इथेच फसतात. मनी चेंजर तुम्हाला शंभराच्या सात करकरीत नोटा देईल आणि तुम्ही खूश होऊन घरी याल. त्या नोटा बेटावरच्या छोट्या व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी असतात. रस्त्याकडेचा विक्रेता शंभराची नोट घेत नाही, आणि घेतलीच तर मोड स्थानिक चलनात परत देतो. म्हणजे तुम्ही न ठरवता, त्याने ठरवलेल्या दराने, तुमचे ऐंशी-नव्वद डॉलर एका झटक्यात बदलून मोकळे होता. म्हणून सातशेपैकी दोनशे शंभराच्या दोन नोटांत राखीव ठेवा आणि उरलेले पाचशे असे मागा : विसाच्या पंधरा, दहाच्या दहा, पाचाच्या बारा आणि एकाच्या चाळीस. चार दिवस आधी सांगितले तर दुकानदार त्या जमवून ठेवतो. ऐनवेळी मागितल्या तर नाहीत म्हणतो. प्रत्येक नोट उजेडात धरून पाहा. फाटलेली, शाईचा शिक्का उमटलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट तिथे परत केली जाते. आमच्या हॉटेलात रात्री रोजमेळ जुळवताना अशा नोटा मी वेगळ्या पाकिटात ठेवत असे, कारण सकाळी बँकेचा खजिनदार त्या काऊंटरवरूनच माघारी पाठवत असे. आणि अमेरिकन नाणी नेऊ नका. बँका ती घेत नाहीत, त्यामुळे दुकानदारालाही ती नको असतात.

सातशे हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. हॉटेल, मोठी उपाहारगृहे, सुपरमार्केट आणि बोटीच्या सफरी यांचे पैसे कार्डाने जातात. रोख लागते ती टॅक्सी, बस, बाजार, समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्च्या, रस्त्यावरचे खाणे आणि बक्षिसी यांना. चौघांसाठी याचे दिवसाला साधारण साठ डॉलर धरले तर नऊ दिवसांचे ५४० होतात, आणि वरचे १६० अडीअडचणीला. तुम्ही सगळ्या जेवणांसह खोली घेतली असेल तर हा खर्च निम्म्यावर येईल. सेंट ल्युशियात रोज टॅक्सीने हिंडणार असाल तर तो सहज वाढेल, कारण व्हिए फोर्टजवळचा मोठा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, बरीचशी हॉटेले उत्तरेला आहेत आणि वाट डोंगरांतून वळणे घेत जाते. आईवडील बरोबर असताना त्या वाटेला बस नको, टॅक्सीच करा. तिथे टॅक्सीत मीटर नसतो. बसण्यापूर्वी रक्कम ठरवा आणि ती अमेरिकन डॉलरमध्ये आहे ना, हे तोंडाने विचारून घ्या.

बार्बाडोसचे काम सोपे आहे. दोनास एक हा हिशेब पोरासोरांनाही येतो, दुकानदार तोच लावतात आणि बँकेत रोख डॉलर बदलायला गेलात तर दोनापेक्षा किंचित कमीच मिळते. तेव्हा तिथे मुद्दाम काही बदलू नका. पहिल्या दिवशी एखाद्या दुकानात विसाची नोट देऊन पाण्याच्या बाटल्या आणि फळे घ्या, मोड बार्बाडोसच्या नोटांत मिळेल, तीच पुढे वापरा. तिची खरी गरज बसला लागते. बसचे भाडे साडेतीन स्थानिक डॉलर आहे आणि निळ्या सरकारी बसमध्ये मोड परत मिळत नाही, त्यामुळे चौघांचे चौदा डॉलर नेमके मोजून तयार ठेवा. पिवळ्या मिनीबसमध्ये आणि पांढऱ्या व्हॅनमध्ये मोड मिळते. त्या वेळी हातात येणारी पाचाची हिरवी नोट जरा निरखून पाहा. तिच्यावर वेस्ट इंडीजचे क्रिकेट कर्णधार सर फ्रँक वॉरेल यांचे चित्र आहे. १९६२ साली याच बेटावर चेंडू डोक्याला लागून आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात होते, तेव्हा त्यांना रक्त देणाऱ्यांत वॉरेल होते. तुमच्या वडिलांना हे माहीत असण्याची शक्यता आहे, आणि मग ती नोट खर्च होणार नाही, हेही आलेच.

सेंट ल्युशियात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण २.७० हा आकडा तोंडी हिशेबाला गैरसोयीचा आहे आणि गैरसोयीच्या आकड्याची गोळाबेरीज नेहमी विक्रेत्याच्या बाजूने होते. बँक रोख डॉलरला २.६७ च्या आसपास देते. आमच्या हॉटेलच्या काऊंटरवर २.६० ची पाटी होती. बाजारात अनेक जण सरळ अडीच धरतात. चाळीस ईसीची वस्तू घेऊन तुम्ही वीस अमेरिकन डॉलर दिलेत, तर २.७० ने चौदा ईसी परत यायला हवेत, २.६० ने बारा येतात आणि अडीचने दहा. शेवटच्या दरात तुमचे सात टक्क्यांहून अधिक गेले. एकदा दोनदा याने काही बिघडत नाही, पण चार दिवस प्रत्येक खरेदीत हेच झाले तर मुंबईत मनी चेंजरशी घासाघीस करून वाचवलेले सगळे इथे निघून जाते. म्हणून कॅस्ट्रीज या तिथल्या राजधानीत एखाद्या बँकेत पहिल्याच कामाच्या दिवशी शंभराच्या त्या दोन नोटांपैकी एक बदलून घ्या. पासपोर्ट बरोबर ठेवा, रांगेची तयारी ठेवा आणि सकाळीच जा, कारण बँका दुपारी लवकर बंद होतात. बँकेत झीज एक टक्क्याच्या आसपास होते. एटीएममधून भारतीय डेबिट कार्डाने तेवढेच पैसे काढलेत तर बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप (विदेशी व्यवहारावरचे जादा शुल्क), त्यावर जीएसटी आणि शिवाय प्रत्येक वेळेचे ठरावीक शुल्क लावतात. स्थानिक बँकेचे शुल्क वेगळेच. तेव्हा एटीएम हा तुमचा दुसरा मार्ग असू द्या, आणि वापरलेच तर थोडे थोडे न काढता एकदाच काढा. त्यातून शंभर ईसीच्या नोटा आल्या तर त्या सुपरमार्केटमध्ये मोडा, फळवालीकडे नको.

दरापेक्षाही मोठी चूक डॉलरच्या खुणेमुळे होते. दोन्ही चलनांना तीच खूण लावतात. कॅस्ट्रीजच्या बाजारात जायफळ आणि दालचिनीच्या पुड्यांवर नुसते वीस लिहिलेले असते. आपल्याकडचे एक पाहुणे माझ्या देखत खिशातून वीस अमेरिकन डॉलर काढून देत होते. ती बाई ईसीमध्ये किंमत सांगत होती, म्हणजे पुडा साडेसात अमेरिकन डॉलरपेक्षाही स्वस्त होता. तिने स्वतःच हात अडवून “ईसी, डार्लिंग” असे सांगितले आणि नोट परत केली. प्रत्येक जण ती परत करीलच असे नाही. किंमत ऐकली की ‘यूएस की ईसी’ हे दोन शब्द विचारण्याची सवय विमानातून उतरल्यापासून लावून घ्या. खाद्यपदार्थांच्या यादीच्या तळाशी दहा टक्के सेवाशुल्क धरले आहे का, हेही पाहा. धरले असेल तर वेगळी बक्षिसी देण्याची सक्ती नाही.

आता कार्डाकडे वळतो. इथे नेहमीचा सल्ला अर्धवट लागू पडतो. मशीनने कोणत्या चलनात पैसे घेऊ असे विचारले की स्थानिक चलन निवडावे, असे सर्वत्र सांगितले जाते आणि रुपयाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे आहे. पडद्यावर रुपयाची रक्कम दिसली तर ती नाकारा. तो दर दुकानाच्या बाजूने ठरलेला असतो आणि काही बँका त्यावर आपले शुल्क पुन्हा लावतात. पण तुमच्या फॉरेक्स कार्डात बार्बाडोसचा डॉलर किंवा ईसी भरता येत नाही, तिथे अमेरिकन डॉलरच भरावा लागतो. अशा कार्डावर ईसीमध्ये बिल घेतले गेले की बँक त्याला वेगळ्या चलनातला व्यवहार समजते आणि साधारण साडेतीन टक्के शुल्क लावते. २७० ईसीचे जेवण मग १०० डॉलरऐवजी १०३.५० ला पडते. त्याऐवजी हॉटेलने तेच बिल २.६५ च्या दराने अमेरिकन डॉलरमध्ये केले, तर १०१.८९ डॉलर जातील. म्हणजे दर दिसायला वाईट असूनही खर्च कमी. डॉलरच्या फॉरेक्स कार्डासाठी सीमारेषा २.६१ ही आहे : त्याहून वरच्या दराने अमेरिकन डॉलरमध्ये बिल मिळत असेल तर तेच घ्या, खाली असेल तर ईसी. बार्बाडोसमध्ये हीच रेषा १.९३ च्या जवळ येते, आणि तिथे बिल बहुधा सरळ दोनानेच होते. तुमच्या बँकेचे शुल्क साडेतीनपेक्षा वेगळे असेल तर रेषा सरकेल, म्हणून कार्ड घेताना हा एक आकडा लिहून घ्या.

विदेशी व्यवहारावर मार्कअप न लावणारे क्रेडिट कार्ड तुमच्याकडे असेल, तर ते स्थानिक चलनात वापरणे सर्वांत स्वस्त पडते. साधे क्रेडिट कार्ड जीएसटी धरून ४.१३ टक्क्यांना पडते, त्यामुळे ते खर्चासाठी नको. पण ते न्या मात्र नक्की, कारण हॉटेलात आल्याबरोबर अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. ही अनामत फॉरेक्स कार्डावर घेऊ दिलीत, तर तुमचे स्वतःचे भरलेले डॉलर गोठतात आणि हॉटेलने सोडल्यानंतरही ते मोकळे व्हायला कधी कधी काही आठवडे जातात. आमच्या काऊंटरवर याच कारणाने रडकुंडीला आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पैसे होते, पण हात लावता येत नव्हता. अनामतीला क्रेडिट कार्ड द्या आणि निघताना बिल फॉरेक्स कार्डाने अमेरिकन डॉलरमध्ये भरा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये सर्व कार्डांचे परदेशातील व्यवहार सुरू करा, कारण २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून मिळतात. ओटीपी येणारे सिम रोमिंगवर चालू आहे ना, हेही मुंबईतच तपासा.

दिवाळीच्या सुटीत जात आहात म्हणून आणखी एक गोष्ट. वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या शेपटाकडे जात आहात. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनमध्ये, आपल्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि लगेच आलेल्या बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन संघ तिथेच अडकून पडला, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी वीज जाते, नेटवर्क जाते आणि कार्डाचे मशीन व एटीएम दोन्ही मुके होतात. शंभराची उरलेली दुसरी नोट आणि विसाच्या चार-पाच नोटा शेवटच्या दिवसापर्यंत मोडू नका, असे मी सांगतो ते यासाठी. ही राखीव रक्कम आणि क्रेडिट कार्ड आईंच्या पिशवीत राहू द्या, रोजचे पाकीट तुमच्याकडे. दोन्ही एकाच ठिकाणी नकोत.

उरलेल्या पैशांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. बार्बाडोसचे डॉलर सेंट ल्युशियात सहजी चालत नाहीत आणि मुंबईत या दोन्हींपैकी काहीच विकले जात नाही. बेट सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी चौघांच्या खिशांतली सगळी स्थानिक रोकड, नाण्यांसकट, एकत्र करा आणि हॉटेलच्या काऊंटरवर बिलापोटी जमा करा. तेवढी रक्कम वजा करून उरलेलेच बिल कार्डावर घ्यायला सांगा. आम्ही असे रोज करीत होतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. शिल्लक अमेरिकन डॉलर मात्र परत आणा. दोन हजार डॉलरपर्यंत ते घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत बँकेला परत विकावे लागतात, आणि सातशे घेऊन निघालेल्या माणसाला तो प्रश्न पडत नाही.